लाटेला ठेका नसतो

किनाऱ्यावरच्या शाळेत चार दिवसांचं संगीताचं शिबिर भरवून दहा-बारा मुलांना एकत्र बसवलं आणि ‘आता तुम्हीच काहीतरी वाजवायला बांधा’ असं सांगितलं, तर पहिली रचना बहुधा समुद्राची निघते. समुद्र रोज कानावर असतो, त्याला सूर लावावा लागत नाही, आणि चुकलं तर बेसूर म्हणणारं कोणी नसतं. एक जण सुपात तांदूळ घोळवतो, दुसरी हिराच्या झाडूने भिंत घासते, तिसऱ्याच्या डब्यात वाळू असते. लाट येते, फुटते, मागे जाते. एखाददुसरी लाट झकास जमते आणि मग घोळ सुरू होतो. कोणाची आधी फुटते, कोणाची उशिरा.

शिक्षकांना वाटतं, मुलांचं लक्ष नाही. कारण वेगळंच आहे. दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण पाव सेकंद ते दोन सेकंद एवढं असेल, तरच माणसाला ठेका जाणवतो, म्हणजे पुढचा ठोका कधी पडणार हे अंगाला आधीच कळतं. अंतर त्यापलीकडे गेलं की ठेका विरतो, उरतात सुटे सुटे आवाज. दोन लाटांमध्ये सहा-आठ-दहा सेकंद सहज जातात, तेव्हा सगळ्यांनी एकदम फुटायचं तर मनात मोजायला हवं, नाहीतर कोणीतरी खूण करायला हवी. थोड्या भांडणानंतर मुलं हे दोन्ही उपाय आपणहून काढतात. एक जण मांडीवर हलकी थाप धरतो आणि बाकीचे तिच्यावर लाट बेततात. मोठ्या माणसाला सोयीची वाटणारी मात्रा सुमारे 0.6 सेकंदाची असते. त्या लयीत तीनतालाच्या 16 मात्रा वाजवायला साडेनऊ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. एवढं लांब आवर्तन आपण पेलतो ते आतल्या मात्रांच्या आधारावर. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सगळे एकत्र का येऊ शकतात, याचं उत्तर मुलांना असं मांडीवर सापडतं.

यात एक अडचण मात्र ठरलेली. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मोकळेपणी टाळी वाजवायला सांगा, तो साधारण 0.4 सेकंदाच्या अंतराने वाजवेल. ‘पोरं लय पळवतात’ ही तक्रार म्हणून खरी असली, तरी त्यात खोडी नाही; त्यांची सहज लयच मोठ्यांपेक्षा जलद असते. त्यावर मोबाइलमधला टिकटिक करणारा मेट्रोनोम लावून देणं हा उपाय मला पटत नाही. जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या माक्स प्लांक संस्थेतले सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी 2009मध्ये अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोलकं वाजवायला दिली होती. यंत्राच्या ठोक्यांपेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाशी मुलांनी लय जास्त चांगली जुळवली. भजनात बुवांच्या मागे झांज घेऊन बसलेलं पोर अशीच लय पकडत आलं आहे.

समुद्राच्या आवाजात आणखी एक गंमत आहे. फुटणारी लाट वाजते ती प्रामुख्याने पाण्यात कोंडल्या गेलेल्या हवेमुळे. प्रत्येक बुडबुडा तयार होताना थरथरतो आणि आपल्या आकाराप्रमाणे आवाज काढतो. डच शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी 1933मध्ये त्याचं गणित मांडलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 3,300 कंपनं करतो, एक सेंटिमीटर त्रिज्येचा 330च्या आसपास. मोठे बुडबुडे खालचा घुमारा देतात, फेसातले बारीक बुडबुडे वरची सळसळ. म्हणून लाट कोसळताना तांदूळ आणि ती मागे जाताना बारीक वाळू, अशी वाटणी कानाला पटते. मुलं ती ऐकून ठरवतात. त्रिज्या नंतर सांगितली तरी चालते, किंबहुना नंतरच सांगावी.

सुरांची वाद्यं आणायला बाजारात जायची गरज नाही. कोकणातल्या परसात पपई असतेच. पानाचा लांब पोकळ देठ घ्यायचा, पानाकडचं टोक बंद ठेवायचं आणि त्या बंद टोकाजवळ ब्लेडने उभी चीर द्यायची. चिरेचा सगळा भाग तोंडात घेऊन जोरात फुंकलं की देठ भोंग्यासारखा वाजतो. (चीक ओठांना चुरचुरतो, म्हणून आधी देठ नीट धुवायचा. ब्लेड मोठ्यांच्या हातात.) चिरेच्या दोन कडा उघडझाप करत हवा तोडून तोडून आत सोडतात आणि नळीतला हवेचा स्तंभ त्यांना आपल्या लांबीच्या सुरावर ओढतो. तीस अंश तापमानात हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 349 मीटर असतो. एका टोकाला बंद नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा सूर उमटतो, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या देठाला सुमारे 218 कंपनं. देठ निम्मा कापला की वरचा सा. मूळ लांबीच्या दोन-तृतीयांश, म्हणजे पावणेसत्तावीस सेंटिमीटरच्या जवळपास ठेवला की पंचम. प्रत्यक्षात देठ थोडा निमुळता असतो, कडा मऊ असतात, त्यामुळे सूर इकडेतिकडे सरकतो, आणि एकदा कापलेला देठ काही वाढत नाही. दोन देठ वाया गेले की तिसरा कापण्याआधी मुलं पट्टी मागतात. अपूर्णांक शिकवण्याचा याहून चांगला तास मला माहीत नाही.

बाटल्यांचा प्रकार तर मुद्दाम घोटाळा करण्यासाठी ठेवावा. सरबताच्या एकसारख्या पाच काचेच्या बाटल्यांत कमी-जास्त पाणी भरा. एका गटाने चमच्याने वाजवायच्या, दुसऱ्याने तोंडावर आडवी फुंकर मारायची. पहिला गट सुरांचा चढता क्रम लावतो. त्याच रांगेवर दुसरा गट फुंकतो तेव्हा सूर उतरत जातात. चमच्याने वाजवताना काच आणि पाणी मिळून थरथरतात, पाणी जास्त तितकं वजन जास्त, सूर खाली. फुंकताना वाजते ती उरलेली हवा. पाणी जास्त तितकी हवा कमी, सूर वर. दोन्ही गटांना एकच चाल एकत्र वाजवायची असेल तर एकाला आपली रांग उलटी लावावी लागते, आणि तरीही सूर तंतोतंत जुळत नाहीत. मग बाटलीत वाटीवाटीने पाणी वाढवणं-कमी करणं सुरू होतं आणि दुपार संपते.

चामड्याच्या वाद्यांबाबत आपल्याकडे तयार धडा आहे. दशावतारात किंवा भजनाला बसण्याआधी पखवाजी डाव्या पुडीवर, म्हणजे चामड्याच्या पडद्यावर, कणकेचा गोळा थापतो. वजन वाढलं की पुडी सावकाश थरथरते आणि तो खर्जातला घुमारा मिळतो. उजव्या पुडीवरचा काळा लेप, म्हणजे शाई, याहून अवघड काम करते. साध्या गोल पडद्यातून मूळ सुराबरोबर त्याच्या 1.59, 2.14, 2.30 पट अशी अडनिडी कंपनं निघतात, म्हणून साध्या ढोलाचा सूर पक्का लागत नाही. शाईमुळे ही उपकंपनं दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नेमक्या पटींच्या जवळ येतात. सी. व्ही. रामन यांनी हे 1920मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं आणि 1934मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. पत्र्याच्या डब्यावर फुग्याचं रबर ताणून मधोमध लिंबाएवढी नको, बोराएवढी कणीक चिकटवा. सूर उतरलेला लगेच ऐकू येतो. कणीक कडेला सरकवली तर काय होतं, हे मुलांना विचारायचं, सांगायचं नाही.

आता या सगळ्याची चाल बांधायची आणि ती लिहून ठेवायची. इथे माझ्या मते शिबिरातला सर्वांत रंजक भाग येतो. पडवीच्या जमिनीवर मोठ्या शिंपल्या आणि तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांची छोटी कवचं ठेवा. लांब आवाजाला मोठी शिंपली, आखूड आवाजाला छोटी. मग टाळ्या वाजवा: टा – टा – टाटाटा –, आणि हेच पुन्हा पुन्हा. काही मुलं दोन मोठ्या आणि तीन छोट्या मांडतात. काही जण दोन मोठ्या, दोन छोट्या आणि पुन्हा एक मोठी. भांडण पेटतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात अध्यापन केलेल्या जीन बॅम्बर्गर यांनी मुलांच्या अशाच चित्रांचा अनेक वर्षं अभ्यास केला. दोन्ही मांडण्या बरोबर असतात, असं त्यांनी दाखवलं. पहिल्या मुलाने शेवटच्या तीन टाळ्या एका झटक्यात वाजवल्या, म्हणून त्या त्याला एका गटातल्या, एकसारख्या वाटतात. दुसऱ्याने टाळीनंतर किती थांबायचं ते मोजलं, आणि शेवटच्या टाळीनंतर थांबा मोठा आहे. आपली शाळेतली संगीताची लिपी दुसऱ्याच्या बाजूची. वाजवणाऱ्याचा हात मात्र बहुधा पहिल्याच्या बाजूने चालतो.

मुलांनी रचना करावी ही कल्पना नवी नाही. म्युनिकमध्ये संगीतकार कार्ल ऑर्फ 1920च्या दशकापासून हालचाल, बोल आणि साधी तालवाद्यं यांतून संगीत शिकवू लागले. पुढे इंग्लंडमध्ये जॉन पेंटर आणि कॅनडात मरी शेफर यांनी तर सूर-स्वरांआधी नुसते आवाज मुलांच्या हाती दिले. 1986मध्ये संगीतशिक्षणाचे अभ्यासक कीथ स्वॉनविक आणि जून टिलमन यांनी 48 मुलांच्या 745 रचना तपासल्या. त्यातला क्रम पालकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. लहानगी मुलं आधी आवाजाशीच खेळतात, मोठा-छोटा, जोरात-हळू. मग त्यात राग, आनंद येतो. सात-आठ वर्षांच्या सुमारास रचना एकदम ठरावीक साच्याच्या होतात, ऐकलेल्या गाण्यांसारख्या. दहाच्या आसपास तो साचा मुद्दाम मोडून धक्का देण्याची हौस येते. म्हणजे आठ वर्षांच्या मुलीने जाहिरातीसारखी चाल बांधली तर तिची प्रतिभा आटली असं समजू नये. ती भाषा शिकते आहे.

मात्र ‘संगीताने बुद्धी वाढते’ असं छापून शिबिराची जाहिरात करू नये. मोझार्टचं संगीत ऐकवण्याच्या 1993च्या ज्या प्रयोगावर ही सगळी हवा झाली, तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि त्याचा परिणाम पाव तासही टिकला नव्हता.

पहिल्या दिवशी हार्मोनियम बंदच ठेवावी, असं माझं मत आहे. पट्ट्या दिसल्या की बोटं पाठ असलेली चाल शोधायला लागतात. त्याऐवजी डबलबारीचा, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याचा, बाज घ्यावा. दोन गट समोरासमोर, एकाने सवाल वाजवायचा, दुसऱ्याने जवाब. नियम एकच ठेवायचा, की सवालातली एक गोष्ट जवाबात यायला हवी, मग तो ठेका असो, शेवटचा सूर असो, नाहीतर मधला थांबा. डबलबारीत आणि जाखडी नाचाच्या गाण्यांत आपल्याकडे माहीत असलेल्या चालीवर नवे शब्द चढवण्यात माणसं तरबेज आहेत. पण चालच नवी करायचं मुलांना सहसा कोणी सांगत नाही. हा नियम ते काम हळूच करून घेतो, कारण एक गोष्ट धरली की बाकीच्या बदलाव्याच लागतात.

शेवटच्या दिवशी गटांनी आपापली शिंपल्यांची किंवा कागदावरची मांडणी एकमेकांना द्यायची आणि दुसऱ्याची रचना नुसती बघून वाजवायची. तेव्हा कळतं की लय किती, जोर कुठे, आणि ‘इथे थांब’ म्हणजे किती, यातलं काहीच लिहिलेलं नाही. मग खुणा वाढतात, बाण येतात, कोणी कडेला आकडे मांडतं. दुसरा गट वाजवत असेपर्यंत रचना करणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही ही एकच अट असते, आणि चार दिवसांच्या शिबिरात मुलांना सर्वांत अवघड तीच जाते.