फ्रेंच-जर्मन समेट

१८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत एकमेकांशी तीन युद्धे लढलेल्या फ्रान्स व जर्मनी या शेजाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर वैर मिटवून जाणीवपूर्वक जोडलेली मैत्री. ती मुख्यतः पश्चिम जर्मनीशी जुळली. पूर्व जर्मनी बराच काळ तिच्या बाहेर राहिला.

फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी ९ मे १९५० रोजी दोन्ही देशांचा कोळसा व पोलाद एका सामाईक यंत्रणेखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. तोफा-रणगाडे ज्या मालातून बनतात तोच सामाईक झाला, तर एकाला दुसऱ्याविरुद्ध गुपचूप युद्धाची तयारी करता येणार नाही, हा त्यामागचा विचार. सीमाभागातील शूमान स्वतः जन्माने जर्मन नागरिक होते. हा प्रस्ताव प्रत्यक्षात आणणाऱ्या १९५१च्या पॅरिस करारात आणखी चार देश सामील झाले.

समेटाचे श्रेय सहसा फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) कोनराड आडेनाउअर यांना दिले जाते. दोन्ही देशांतील मैत्रीच्या २२ जानेवारी १९६३च्या एलिझे करारावर त्यांच्याच सह्या आहेत आणि त्यांचे कर्तृत्व मोठेच आहे. पण गावपातळीवरचे काम त्याआधीच सुरू झाले होते. १९५० मध्ये फ्रान्समधील माँबेल्यार आणि जर्मनीतील लुडविग्सबुर्ग या शहरांनी मैत्रीसंबंध जोडले. माँबेल्यारवर पूर्वी लुडविग्सबुर्गच्या प्रदेशातील व्युर्टेम्बेर्ग घराण्याची सुमारे चारशे वर्षे सत्ता होती, हा दुवा कामी आला. विशेष म्हणजे माँबेल्यारचे महापौर ल्युसिआँ तारादँ हे नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून वाचलेले होते. ज्याने सर्वाधिक सोसले त्यानेच पहिल्यांदा हात पुढे करावा, ही या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना होय. पुढे अशा शहरजोड्यांची संख्या दोन हजारांवर गेली.

एलिझे करारातून १९६३ मध्येच फ्रेंच-जर्मन युवक कार्यालय उभे राहिले. त्याच्या उपक्रमांतून लक्षावधी मुलामुलींनी सीमेपलीकडे जाऊन भाषा शिकली, अनेकजण अनोळखी कुटुंबांत राहिले. २००६ पासून दोन्ही देशांतील इतिहासकारांनी मिळून लिहिलेले पाठ्यपुस्तकही दोन्हीकडच्या शाळांत उपलब्ध झाले.

२२ सप्टेंबर १९८४ रोजी पहिल्या महायुद्धातील रणभूमी व्हेर्दँ येथील मृत सैनिकांच्या स्मरणार्थ जर्मन चॅन्सेलर हेल्मूट कोल आणि फ्रेंच राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मित्तेराँ हातात हात घालून उभे राहिले. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर पोहोचले. सगळ्या जखमा मात्र त्याने भरल्या नाहीत. ओरादूर-सुर-ग्लान या फ्रेंच गावात १० जून १९४४ रोजी नाझींच्या एसएस दलाने सहाशेहून अधिक माणसे, त्यांत स्त्रिया व मुलेही, मारली. तेथे पहिल्यांदा जर्मन राष्ट्राध्यक्ष गेले ते २०१३ मध्ये.