बडोद्यात मेकॅट्रॉनिक्स किंवा रोबोटिक्सला ॲडमिशन घ्यायचंय? फॉर्म, पात्रता आणि कागदांचं सगळं

दहावी-बारावीचे रिझल्ट लागले की दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत कुणी ना कुणी मला थांबवून विचारतंच, अहो, मुलाला रोबोटिक्सला घालायचंय, त्याचा फॉर्म कुठे मिळतो? तर पहिली गोष्ट ही की रोबोटिक्सचा म्हणून वेगळा फॉर्म नसतोच. इंजिनिअरिंगचा जो एक फॉर्म असतो तोच भरायचा, आणि शाखा निवडायची वेळ त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येते. मी दोन वर्षांत घरातल्या तीन मुलांचे फॉर्म भरलेत, एक डिग्रीचा, एक डिप्लोमाचा, एक आयटीआयचा, त्यामुळे कुठे अडकायला होतं ते चांगलंच ठाऊक झालंय.

आधी थोडक्यात, हे मेकॅट्रॉनिक्स म्हंजे काय. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स ह्यांची जोडी, वर कंट्रोल आणि प्रोग्रामिंगचा थर. हा शब्द 1969 साली जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिकमधल्या तेत्सुरो मोरी ह्या इंजिनिअरने काढला, कंपनीने तो ट्रेडमार्क म्हणून स्वतःकडे ठेवलेला आणि पुढे हक्क सोडून दिला, म्हणून आज सगळे वापरतात. मुलांना शिकायला काय असतं तर सेन्सर, मोटर, मायक्रोकंट्रोलर, पीएलसी (कारखान्यातली मशीनं चालवणारा छोटा कॉम्प्युटर), हायड्रॉलिक्स-न्यूमॅटिक्स, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कापायची मशीनं), आणि हे सगळं एकत्र चालवणारं कंट्रोल सिस्टिमचं गणित. रोबोट हा त्यातला एक भाग झाला. नुसते यूट्यूबवरचे नाचणारे रोबोट बघून मुलगा हट्ट धरत असेल तर त्याला आधी मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर बसवा, किंवा अमदावादच्या सायन्स सिटीत रोबोटिक्स गॅलरी आहे ती दाखवून आणा, दोन्ही दाखवलंत तर उत्तमच.

ही शाखा एकदम एवढी वाढली कशी, तर दोन कारणं. एक म्हणजे कारखान्यांनी रोबोट घ्यायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकड्यांप्रमाणे 2023 मध्ये भारतात 8,510 औद्योगिक रोबोट बसवले गेले, आदल्या वर्षापेक्षा 59 टक्के जास्त, आणि त्यात मोठा वाटा गाड्या बनवणाऱ्यांचा. आपल्या आसपासच बघा ना, हालोलला कारचा प्लांट, सावलीला मेट्रोचे डबे, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये बडोद्यात टाटा-एअरबसच्या सी-295 विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. दुसरं म्हणजे एआयसीटीईने, म्हणजे टेक्निकल कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या परिषदेने, रोबोटिक्सला नव्याने वाढणाऱ्या क्षेत्रांच्या यादीत घातलं, त्यामुळे कॉलेजांना ह्या नावाने सीट्स मागणं सोपं झालं. ह्या दुसऱ्या कारणामुळे थोडं सावध राहायला पाहिजे, पण ते पुढे सांगते.

आत शिरायला रस्ते तीन.

सगळ्यात लहान रस्ता आयटीआयचा, दहावीनंतर. टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, आणि इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन हा एक वर्षाचा. फॉर्म ऑनलाइनच, राज्याच्या आयटीआय ॲडमिशन पोर्टलवर. बडोद्यात तरसाली आणि गोरवा ही दोन सरकारी आयटीआय सगळ्यांना माहीत आहेत, पण प्रत्येक ट्रेड प्रत्येक ठिकाणी असतोच असं नाही, म्हणून पोर्टलवर त्या वर्षीची ट्रेडची यादी बघूनच पसंती द्या. आपल्याकडे आयटीआय म्हटलं की लोक नाक मुरडतात, ते मला अजिबात पटत नाही, कारण दोन वर्षांची आयटीआय झाली की सी टू डी मधून, म्हंजे सर्टिफिकेटवरून डिप्लोमाला जायच्या वाटेने, डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हंजे रस्ता बंद होत नाही.

दुसरा रस्ता डिप्लोमा, तोही दहावीनंतरच, तीन वर्षांचा. ह्याची ॲडमिशन एसीपीडीसी नावाची समिती करते, वेगळी परीक्षा नाही, दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं. डिप्लोमानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जायचं असेल, ज्याला डी टू डी म्हणतात, तर 2024 पासून डीडीसीईटी नावाची परीक्षा द्यावी लागते. पूर्वी नुसत्या डिप्लोमाच्या मार्कांवर व्हायचं, त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वी शिकलेला शेजारचा दादा जे सांगेल त्यावर जाऊ नका.

तिसरा रस्ता डिग्रीचा आणि बहुतेकांचा प्रश्न ह्याचाच असतो, म्हणून इथे जरा थांबूया. बारावी सायन्स, ग्रुप ए किंवा एबी पाहिजे, म्हंजे गणित असलंच पाहिजे, बी ग्रुपवाल्याला ह्या दारातून आत येता येत नाही. पात्रतेचे विषय मिळून ओपनला किमान 45 टक्के, राखीव वर्गाला 40. त्याशिवाय गुजसेट. ही परीक्षा गुजरात बोर्ड घेतं, 120 मार्कांची, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स प्रत्येकी 40, आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. पेपर गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत असतो, मराठीत नाही. 2025 मध्ये ती 23 मार्चला झाली, म्हणजे बोर्डाची परीक्षा संपते न संपते तोच. मग मेरिट कसं लागतं, तर बोर्डातल्या पीसीएमच्या थिअरीचं पर्सेंटाइल 50 टक्के आणि गुजसेटचं पर्सेंटाइल 50 टक्के. पर्सेंटाइल म्हंजे पर्सेंट नव्हे, हे मी दर वर्षी कुणाला तरी समजावते. मुलाचे 90 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरांतले साधारण नव्वद त्याच्या मागे आहेत, त्याला नव्वद टक्के मार्क आहेत असं नाही, त्याला बहात्तर टक्केही असू शकतात.

गुजसेटचा फॉर्म आणि ॲडमिशनचा फॉर्म हे दोन वेगळे आहेत हो. गुजसेटचा बोर्डाच्या साइटवर हिवाळ्यातच भरून होतो, ॲडमिशनचा एसीपीसीच्या, म्हणजे डिग्रीची ॲडमिशन करणाऱ्या राज्याच्या समितीच्या, साइटवर उन्हाळ्यात. आमच्या ओळखीच्या एका घरात गुजसेट दिली म्हणजे सगळं झालं असं समजून निवांत बसले होते, शेवटच्या दोन दिवसांत धावपळ करून रजिस्ट्रेशन केलं.

जेईई मेन दिली असेल तर अजून एक दार उघडतं. सूरतचं एसव्हीएनआयटी, आणि आपल्याच बडोद्याच्या लालबागेतलं गतिशक्ती विश्वविद्यालय, ह्यांच्या बीटेकच्या सीट्स जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या देशभरच्या, काउन्सेलिंगमधून जातात, एसीपीसीतून नाही. दोन्हीकडे रजिस्ट्रेशन करून ठेवायला कुणी अडवत नाही.

आता कागद, आणि खरा घाम इथेच फुटतो. मूळ यादी छोटी आहे: दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, गुजसेटची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्ट साइझ फोटो, सही. ओपनच्या मुलाचं एवढ्यावर भागतं. बाकीचे कागद आरक्षण आणि फी-माफीचे.

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत मात्र दोन ठिकाणी हमखास गोची होते. पहिली नावाची. इथल्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि आधारवर बऱ्याचदा उलटं, वर आपलं आडनाव इंग्रजीत लिहिताना एकीकडे एक स्पेलिंग आणि दुसरीकडे दुसरं. माझ्या भाच्याच्या एका कागदावर वडिलांच्या नावापुढे राव होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं, तेवढ्यासाठी व्हेरिफिकेशनमध्ये फॉर्म परत आला आणि जीजाजी ऑफिसला सुट्टी टाकून दोन दिवस फिरले. फॉर्ममध्ये नाव नेहमी बारावीच्या मार्कशीटवर आहे तस्संच टाका, आणि आधारमध्ये मोठा फरक असेल तर तो बोर्डाच्या परीक्षेआधीच दुरुस्त करून घ्या, जूनमध्ये आधार केंद्रावर उभं राहायला जागा नसते.

दुसरी गोची जातीच्या दाखल्याची. आजोबा रत्नागिरीचे किंवा खानदेशातले, जातीचा दाखला महाराष्ट्रातल्या तहसीलदाराने दिलेला, आणि घरचे समजतात की हा चालेल. नाही चालत. गुजरातच्या राखीव सीटसाठी गुजरात सरकारचा दाखला लागतो, जात गुजरातच्या यादीत असावी लागते, आणि कुटुंब इथे किती जुनं आहे ह्याचे पुरावे मागतात, वडिलांचा किंवा आजोबांचा इथल्या शाळेचा दाखला वगैरे. तो जुना दाखला आजीबाईच्या पेटीत कुठेतरी तळाला असतो, आत्ताच शोधून ठेवा. एसईबीसीवाल्यांना (म्हंजे इथले ओबीसी) ह्याशिवाय नॉन क्रिमीलेयर, आणि ते राज्याच्या गुजराती नमुन्यातलं पाहिजे, केंद्राच्या नोकऱ्यांसाठी जे इंग्रजीतलं काढतात ते वेगळं. ओपनमधल्या कमी उत्पन्नाच्या घरांना ईडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट काढता येतं, त्याला राज्यात 10 टक्के सीट्स आहेत. ह्या दाखल्यांवर कुठल्या तारखेनंतरचे चालतील अशी अट असते, ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा, नुसतं आहे ना आमच्याकडे म्हणून भागत नाही.

आवकेचा दाखला, म्हणजे उत्पन्नाचा, तो जेल रोडवरच्या नर्मदा भवनात जनसेवा केंद्रात किंवा डिजिटल गुजरात पोर्टलवरून. मे-जूनमध्ये तिथली रांग बघितली की रथयात्रेची आठवण येते, म्हणून एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या संपल्या जाऊन या. हा एक दाखला तीन ठिकाणी लागतो, तेव्हा चांगला स्कॅन करून मोबाइलमध्येही ठेवा.

कुठली तीन ठिकाणं, तर पहिलं टीएफडब्ल्यू, म्हंजे ट्यूशन फी माफीच्या सीट्स. प्रत्येक शाखेत मंजूर सीट्सच्या वर 5 टक्के सीट्स अशा असतात की ट्यूशन फी लागत नाही, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे. ह्या सीटवर गेलं की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलून मिळत नाही, तेव्हा मेकॅट्रॉनिक्स टीएफडब्ल्यू टाकताना मुलाचं मन पक्कं आहे ना ते विचारा. दुसरं एमवायएसवाय, मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, बोर्डात 80 पर्सेंटाइल आणि उत्पन्न 6 लाखांच्या आत, इंजिनिअरिंग डिग्रीला वर्षाला 50,000 किंवा ट्यूशन फीचे निम्मे, ह्यातलं जे कमी असेल ते मिळतं. दर वर्षी रिन्यूअल करावं लागतं, आणि ते विसरणारे खूप. तिसरं ठिकाण ईडब्ल्यूएसचा अर्ज, त्यालाही उत्पन्नाचा पुरावा लागतोच.

रजिस्ट्रेशन, कागद अपलोड, व्हेरिफिकेशन, मग प्रोव्हिजनल मेरिट लिस्ट, मग मॉक राउंड. मॉक राउंडला लोक टाइमपास समजतात, तसं करू नका, त्यात दिसतं की ह्या मार्कांवर साधारण कुठली सीट पदरात पडेल, आणि त्यानंतर चॉइस बदलायची संधी असते. चॉइस भरताना एकच नियम डोक्यात ठेवा, जे सगळ्यात जास्त हवंय ते वर. मिळणार नाही म्हणून खाली टाकू नका, वरचं न मिळाल्याने खालच्याचं काही बिघडत नाही. आणि चॉइस भरपूर टाका, पाच-सहा टाकून बसलेली मुलं पहिल्या राउंडला रिकाम्या हाताने राहतात. सीट मिळाली की ठरलेल्या तारखेआत टोकन फी ऑनलाइन भरायची, नाहीतर सीट गेली. पुढच्या राउंडमध्ये वरचा चॉइस लागला तर आधीची सीट आपोआप सुटते, म्हणून जी खरोखर नको आहे ती नुसती भरतीला म्हणून वर ठेवू नका.

आता ते सावध राहायचं म्हटलं होतं ते. नाव रोबोटिक्स आहे म्हणून लॅब रोबोटिक्सची आहे असं समजू नका. कॉलेजात जाऊन विचारा, औद्योगिक रोबोटचा हात आहे का, असला तर मुलांना हात लावू देतात की काचेमागे ठेवलाय, पीएलसीचे ट्रेनर किती, आणि एका बॅचला किती मुलं. एका खाजगी कॉलेजात आम्हाला लॅब दाखवायला नेलं तर रोबोटवर प्लास्टिकचं कव्हर आणि त्यावर धूळ, विचारलं तर म्हणे सरांकडे चावी आहे. जवळपास मेकॅट्रॉनिक्सची जुनी सोय हवी असेल तर वल्लभ विद्यानगरचं जी. एच. पटेल कॉलेज बघा, बडोद्याहून आणंदपर्यंत ट्रेनने रोज येणारे-जाणारे पुष्कळ आहेत. आणि आपलं कलाभवन विसरू नका. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये सुरू केलेलं, आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी, तिथलं मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल आणि दुसरीकडे कुठल्यातरी नव्या कॉलेजातलं रोबोटिक्स, तर मी डोळे झाकून कलाभवन घेईन. ज्याला मेकॅनिकल पक्कं येतं तो रोबोटिक्स नंतर शिकू शकतो.

सरकारी नोकरीचा विचार असेल तर अजून एक बघा, जाहिरातीत शाखेचं नाव लिहिलेलं असतं आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल असंच असतं. गेट ह्या एमटेकच्या प्रवेश परीक्षेलाही मेकॅट्रॉनिक्सचा स्वतंत्र पेपर नाही, मुलं मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा देतात. खाजगी कंपनीत जायचं असेल तर ह्याने फार फरक पडत नाही, तिथे पीएलसी प्रोग्राम करता येतो का तेच विचारतात.

फॉर्म भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल मुलाचाच द्या आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकलेली दोन मुलं मला माहीत आहेत, अलॉटमेंटचा मेल त्याच्याकडे गेला आणि तो दोन दिवस गावाला.