बांधकाम सुरू करताय? आधी झाडाभोवती कुंपण घाला

आम्ही झाडांची निगा राखण्याचं काम करतो. आमच्याकडे येणारे बरेच फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "झाडाला आम्ही हातसुद्धा लावला नाही, तरी ते वाळत चाललंय." तुमचं म्हणणं खरंच असतं. बुंध्याला कुठे खरचटलेलंही नसतं. पण त्याच झाडाखाली चार-सहा महिने वाळू-खडीचा ढीग होता, मिक्सर तिथेच धुतला जात होता आणि विटांची गाडी रोज तिथूनच मागे घेतली जायची. सावली असल्यामुळे सगळ्यांना तीच जागा सोयीची वाटते.

मोठ्या झाडाची मुळं खोल गेलेली असतात, ही समजूत इथे नडते. बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या साधारण ६० सेंटिमीटरमध्येच असतात. पाणी आणि अन्न शोषणारी केसासारखी बारीक मुळं तर त्याहूनही वर असतात, वीत-दीड वीत खोलीवर. ती फांद्यांच्या घेराबाहेरही बरीच पसरलेली असतात. तुम्ही ज्या जमिनीवर माल उतरवता, झाडाचा संसार तिच्या लगेच खाली असतो.

मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. त्यांतून पाणी झिरपतं आणि मुळांना हवा मिळते. वजनाने या पोकळ्या बंद होतात, आणि बहुतेक नुकसान गाडीच्या पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातं. म्हणून "दोनच दिवस गाडी येईल" याने आमचं समाधान होत नाही. ढीग उचलल्यावर तिथे पहार मारून बघा. ती टणकन उडते, आणि पाणी ओतलं तर तळं साचून राहतं. बुंध्याभोवती फूटभर भराव टाकला तरी मुळं अशीच गुदमरतात. सिमेंट धुतलेलं पाणी क्षारीय असतं. ते मुरलं की मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि झाडाला लोहासारखी द्रव्यं घेता येत नाहीत.

झाड मात्र लगेच तक्रार करत नाही. साठवलेल्या अन्नावर ते काही काळ तग धरतं. शेंडे वाळायला, पानं बारीक यायला कधी दोन, कधी पाच वर्षं लागतात. तोवर कंत्राटदार निघून गेलेला असतो आणि तुम्ही कीड समजून फवारणी करत बसता.

कुंपण कधी आणि कुठे?

पहिली गाडी आवारात यायच्या आधी. एवढी एक गोष्ट पाळलीत तर आमचं निम्मं काम उरत नाही, आणि तुमचा त्याहून जास्त खर्च वाचतो. पाया खणून झाल्यावर बोलावलंत तर आम्ही येऊ, पण तेव्हा झाड वाचवणं नव्हे, त्याची शुश्रूषा करणंच हाती असतं.

अंतर काढणं सोपं आहे. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर टेपने खोडाचा घेर मोजा आणि त्याची चौपट करा. घेर दीड मीटर असेल, तर बुंध्यापासून सगळीकडे सहा मीटर जागा सोडायची. बांधकामाजवळच्या झाडांसाठीच्या ब्रिटिश मानक ५८३७ मध्ये खोडाच्या व्यासाच्या बारा पट अंतर सांगितलंय, ते जवळजवळ एवढंच येतं. नुसती रंगीत फीत बांधू नका, ती दुसऱ्या दिवशी पायाखाली असते. खांब रोवून पत्रे किंवा जाळी लावा, म्हणजे कुणी सहज हलवू शकणार नाही.

जागा अपुरी असेल आणि त्यातून वाट द्यावीच लागत असेल, तर लाकडी ढलप्यांचा १५ सेंटिमीटरहून जाड थर पसरा आणि त्यावर फळ्या किंवा लोखंडी प्लेटा टाका. ढलप्या बुंध्याला टेकू देऊ नका, साल कुजते. खोडाभोवती गोणपाट आणि उभ्या फळ्या बांधता येतात, पण खिळा एकही नको.

मुळांजवळ खणावंच लागलं तर

कुंपणाच्या आत जेसीबी नको. त्याचा दात मूळ कापत नाही, ओढतो. मूळ दुसरीकडे बुंध्यापर्यंत उभं फाटतं आणि वरून काही दिसत नाही. आमची माणसं हाताने माती मोकळी करतात. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं की थांबतात, पाइप त्याच्याखालून नेता येईल का ते बघतात. कापणं टळतच नसेल तर धारदार करवतीने सरळ काप घेतात, त्यावर ओलं गोणपाट टाकतात आणि शक्यतो त्याच दिवशी माती परत भरतात. उघडं मूळ उन्हात लवकर सुकतं. या पद्धतीला वेळ जास्त लागतो हे आम्हाला मान्य आहे, आणि मजुरीही त्याच हिशेबाने आहे.

"आधार लावून द्या, छाटून द्या, डांबर लावा"

एका बाजूची जाड मुळं बुंध्यालगत तोडली गेली असतील, तर झाड उभं राहील का हे आधी तपासावं लागतं. टेकू किंवा फांद्यांमधली केबल ही कमकुवत जोड सांभाळण्यासाठी असते. तुटलेल्या मुळांची जागा ती घेत नाही. म्हणून तपासल्याशिवाय आम्ही आधार लावत नाही, आणि झाड धोकादायक असेल तर तसं स्पष्ट सांगतो.

मुळं गेली म्हणून वरचा पसारा उतरवायचा, असा आग्रह बरेच जण धरतात. आम्ही फक्त वाळलेल्या, मोडलेल्या फांद्या काढतो. नवी मुळं फुटायला लागणारं अन्न पानांतच तयार होतं, ती काढून झाडाला दुसरा मार का द्यायचा? जखमेवर डांबर किंवा रंगही लावत नाही. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं चिरून दाखवलं की झाड जखमेभोवती आतून स्वतःच भिंत उभारतं. लेपाने कुज थांबत नाही. लगेच खताचा मारा नको. सावकाश, खोलवर मुरेल असं पाणी द्या आणि जमीन आच्छादनाखाली ठेवा. पायाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी पंपाने उपसताय का, तेही बघा. तेव्हा जवळच्या झाडाला जास्त पाणी लागतं.

काम सुरू होण्याआधीच्या भेटीत आम्ही जागेवर आखणी करून देतो, माल उतरवायची आणि मिक्सर धुवायची जागा ठरवतो आणि मुकादमाशी समोरासमोर बोलतो. या भेटीचं शुल्क वेगळं आहे. बांधकाम संपल्यावरही काही वर्षं झाड बघायला येतो, तो करार ऐच्छिक आहे.

फोन करताना खोडाचा घेर, पायापासूनचं अंतर आणि काम सुरू व्हायची तारीख जवळ असू द्या. ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनचा नकाशाही पाठवा. पाया झाडापासून लांब ठेवला जातो, पण ड्रेनेजचा चर नेमका बुंध्याजवळून जातो, आणि तो नकाशावर हलवायला काहीच खर्च येत नाही.