ऑटोसेक्सिंग कोंबड्या
अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या लवेवरून नर-मादी ओळखता येते आणि ही खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकते, अशा शुद्ध जाती. ‘सेक्स-लिंक’ संकर वेगळा. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि आडपट्ट्यांची प्लायमाउथ रॉक कोंबडी यांच्या पिल्लांत नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. पण त्याच पिल्लांची पुढची वीण घेतली की खूण निकामी होते. या दोन संज्ञांची सरमिसळ सर्रास आढळते.

केंब्रिजचे आनुवंशिकीतज्ज्ञ पनेट आणि मायकेल पीझ यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस गोल्डन कँपाइन व बार्ड रॉक (म्हणजे वरची आडपट्ट्यांची प्लायमाउथ रॉक) यांच्यापासून कँबार ही जात तयार केली. तीच सामान्यतः पहिली मानतात. बार्ड रॉकमध्येही नर पिल्लाचा ठिपका मोठा असतो, म्हणून त्या न्यायाने आद्यत्व तिला देता येईल. मात्र काळ्या लवेत हा फरक पुसट राहतो, तेव्हा कँबारचा दावाच अधिक सयुक्तिक वाटतो. पुढे ब्राउन लेगहॉर्नपासून लेगबार झाली. ब्रिटनमध्ये तिच्या सोनेरी प्रकाराला १९४५ मध्ये, तर निळसर अंडी देणाऱ्या क्रीम प्रकाराला १९५८ मध्ये मान्यता मिळाली.

आडपट्ट्यांचे जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते. नरात झेड दोन, मादीत एकच. त्यामुळे शुद्ध जातीच्या नराला जनुकाची दुहेरी मात्रा मिळते आणि त्याची लव फिकट होते. तपकिरी पट्टेदार लवेवर हे स्पष्ट दिसते: मादीच्या पाठीवरचा गडद पट्टा रेखीव, नराचा विरलेला आणि डोक्यावरचा ठिपका पसरट. फसगत होते ती संकरात. लेगबार कोंबडा साध्या कोंबडीवर सोडला, तर नर-मादी दोघांनाही एकेकच मात्रा मिळते आणि पिल्ले सारखी दिसतात. उलट जोडीत, म्हणजे साधा कोंबडा व लेगबार कोंबडी, पहिली पिढी ओळखता येते. पांढऱ्या लेगहॉर्नचे रक्त आले तर खूणच झाकली जाते.

एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या पुरतात. कोंबडीच्या शरीरात वीर्य दोन-तीन आठवडे टिकते. म्हणून दुसरा कोंबडा काढल्यावर तीन आठवडे उबवणीसाठी अंडी घेऊ नयेत. वीण पुढे चालवायला जन्मतः निःसंदिग्ध खूण असलेलीच पिल्ले ठेवावीत.

उबवणीला २१ दिवस लागतात. पंख्याच्या इन्क्युबेटरमध्ये ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सियस. अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवावीत, १८ व्या दिवशी थांबवावे. मुंबईत खरी अडचण आर्द्रतेची. पावसाळ्यात ३० अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३७.६ अंशांपर्यंत तापली की यंत्रात ती ५५ टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे पाण्याचा थेंबही न घालता. सवयीने ट्रे भरला, तर अंड्यातले पाणी पुरेसे उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू टोच मारण्याआधीच गुदमरते. खात्रीचा उपाय वजनकाटा: १८ दिवसांत अंड्याचे वजन १२ ते १३ टक्के घटले पाहिजे, ५५ ग्रॅमचे अंडे ४८ ग्रॅमच्या जवळ यावे. त्यानंतर मात्र ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी. जानेवारीच्या कोरड्या दुपारी पाणी आरंभापासूनच लागते. खुडूक कोंबडी बसवली तर हा हिशेब तिच्यावर सोडता येतो.

अंडी साठवण्यालाही शहराची उष्णता आड येते. ३० अंशांच्या खोलीत गर्भ अर्धवट वाढू लागतो व दगावतो. तीन-चार दिवसांतच अंडी लावावीत. घरगुती फ्रिज फार थंड पडतो.

लिंग पाहायचे ते पिल्लू कोरडे झाल्यावर, पहिल्या दिवशी, खिडकीच्या उजेडात. ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीच्या, पिवळ्या बल्बखाली क्रीम लेगबारचा फिकट नर आणि मादी यांतला फरक बुजतो. चाळीत किंवा गावठाणात आरवणाऱ्या कोंबड्यावरून शेजाऱ्यांशी वाद होतात. तेथे नर वेगळे काढायला ही पाहणी कोंबडा आरवण्याच्या कित्येक आठवडे आधी उपयोगी पडते.