रीमिक्स की रीमास्टर? मेटालिकाचा हरवलेला बेस

सोलापुरात 'रीमिक्स' म्हटलं की मिरवणुकीतला डीजे आठवतो, जुन्या गाण्याला लावलेला नवा ठेका. रॉक अल्बमच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे आणि 'रीमास्टर'शी त्याची हमखास गल्लत होते. अमेरिकन हेवी मेटल बँड मेटालिकाचे अल्बम ओळीने ऐकताना ही गल्लत झाली, तर बँडचा आवाज कुठे बदलला याचाच अंदाज चुकतो.

गिटार, बेस (खालच्या, जाड सुरांची गिटार), ड्रम, गायन हे वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होतं. ते ट्रॅक परत उघडून कुणाला किती वर ठेवायचं, कुणाला डावीकडे न्यायचं हे नव्याने ठरवणं म्हणजे रीमिक्स. रीमास्टरमध्ये ट्रॅक उघडतच नाहीत. हाती असतात फक्त डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये एकत्र झालेले आवाज, आणि इक्वलायझर (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणारा), लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारा) चालतो तो त्या सगळ्यावर एकदम. विणून झालेली चादर धुता येते, इस्त्री करता येते, पण नक्षीतला एकच धागा जाड हवा असेल तर मागावर नवी चादर विणावी लागते.

1988 चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' घ्या. 1986 मध्ये आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन वारल्यावर जेसन न्यूस्टेडचा हा बँडसोबतचा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात त्याचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. एक तर तो बऱ्याच ठिकाणी गिटारचाच रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) वाजवतो, आणि वर मिक्समध्ये त्याला खाली दाबलंय. 2018 मध्ये रीमास्टर आला तेव्हा अनेकांना वाटलं, आता बेस येणार. तो आला नाही, कारण त्या वाटेने तो येऊच शकत नव्हता. बेसची सर्वांत जाड तार साधारण 41 हर्ट्झवर, गिटारची 82 वर. घरी इक्वलायझरवर 80 च्या आसपास चार डेसिबल वाढवून बघा: किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) फुगतो, गिटारची घरघर वाढते, बेस होता तिथेच राहतो.

1991 च्या 'मेटालिका' या, काळ्या मुखपृष्ठामुळे 'काळा अल्बम' म्हटल्या जाणाऱ्या अल्बममधला भरदार बेस मात्र खरा बदल आहे. निर्माता बॉब रॉक आला, वादन बदललं, मिक्स बदललं. डोळ्यांवर पट्टी बांधून ऐकलं तरी ओळखू येईल इतका.

2008 चा 'डेथ मॅग्नेटिक' उलट्या बाजूने फसवतो. सीडीवर आवाज इतका चढवलाय की ड्रमचे ठोके फाटतात. 'गिटार हिरो' या गेममध्ये तीच गाणी कमी कॉम्प्रेस केलेल्या रूपात मिळाली आणि ठोके मोकळे वाजले. वादन तेच होतं.

दोन आवृत्त्या पडताळायच्या तर आधी स्पॉटिफायमधलं 'ऑडिओ नॉर्मलायझेशन' (सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सेटिंग) चालू ठेवा. साध्या फाइल असतील तर नव्या आवृत्तीचा आवाज हाताने कमी करा, गायन दोन्हीकडे सारखं ऐकू येईपर्यंत. हे टाळलं तर जी मोठी तीच चांगली वाटते. कान इथे दर वेळी फसतो. मग हेडफोनवर तेच तीस सेकंद आलटून पालटून ऐका. खिशात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरवर नको, 41 हर्ट्झ त्यातून निघतच नाहीत. एखादं वाद्य डावीकडून मध्ये आलं, किंवा गायन ड्रमच्या तुलनेत पुढे सरकलं, तर बहुधा रीमिक्स. सगळंच एकसाथ उजळ किंवा जाड झालं, तर रीमास्टर.