टॅटू आणि वर्ल्ड्स: बॅगपाइपचे दोन सोहळे, दोन प्रकारचे कान

ऑगस्टमध्ये स्कॉटलंडात पाइप आणि ड्रमचे दोन मोठे सोहळे होतात. एक एडिंबरा किल्ल्यासमोरच्या पटांगणात, रॉयल एडिंबरा मिलिटरी टॅटू. इथे टॅटू म्हणजे लष्करी बँडांच्या संगीताचा आणि संचलनाचा कार्यक्रम. दुसरा तिथून रेल्वेनं तासाभरावर, ग्लासगो ग्रीन मैदानात, वर्ल्ड पाइप बँड चॅम्पियनशिप्स, म्हणजे पाइप बँडांची जागतिक स्पर्धा. तिकडची मंडळी त्याला नुसतं ‘वर्ल्ड्स’ म्हणतात. दोन्हीकडे किल्ट, दोन्हीकडे तीच वाद्यं, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. टॅटू बघून भारावलेला माणूस त्याच ओढीनं वर्ल्ड्सला जातो आणि पहिल्या अर्ध्या तासात हिरमुसतो. सगळे बँड पाठमोरेच का उभे आहेत, हेच त्याला कळत नाही.

खरी खूण तीच आहे. बँडचं तोंड कुठे आहे ते बघा. टॅटूत बँड रांगा धरून प्रेक्षकांकडे चालत येतो. वर्ल्ड्समध्ये तो गोल करून उभा राहतो, तोंडं आत, पाठ बाहेर. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

टॅटू १९५० साली सुरू झाला आणि ‘रॉयल’ हा मान त्याला २०१० मध्ये मिळाला. जवळपास तीन आठवडे रात्री प्रयोग होतात, प्रत्येक प्रयोगाला आठ हजारांहून जास्त माणसं. वेगवेगळ्या पलटणींचे आणि पाहुणे बँड एकत्र करून एकच प्रचंड ताफा उभा केला जातो आणि तो किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर पडतो. पुढे ताफ्याला इशारे देत चालणारा ड्रम मेजर, हातात लखलखती मेस, म्हणजे गोळ्याच्या मुठीची लांब काठी. हा ताफा वर्षभर एकत्र सराव करणारा नसतो, म्हणून चाली ठसठशीत आणि सगळ्यांना पाठ असलेल्या निवडतात. शिवाय आवाजाचंही एक गणित आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पहिल्या आणि शेवटच्या रांगेत तीस-पस्तीस मीटरचं अंतर पडलं, की मागचा ठोका पुढच्या पाइपरच्या कानी सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. एवढ्या पसरलेल्या ताफ्यात नाजूक कारागिरी टिकणारच नाही. तिथे आवाजाचा लोंढा लागतो, आणि तो अंगावर येतो तेव्हा छातीत जाणवतो.

वर्ल्ड्सचा गोल याच्या नेमका उलट विचार करतो. काही मीटरांच्या वर्तुळात सगळे एकमेकांची बोटं बघू शकतात आणि ठोका सगळ्यांना जवळजवळ एकाच क्षणी ऐकू येतो. ही तयारी परीक्षकांसाठी असते. वरच्या श्रेणीत चार परीक्षक असतात: दोन पाइपसाठी, एक ड्रमसाठी, एक एकूण मेळासाठी. ते वही घेऊन बँडभोवती फिरतात, कधी एखाद्या पाइपरच्या पाठीशी येऊन थबकतात.

ते नेमकं काय ऐकतात, हे समजायला वाद्य जरा जवळून बघायला हवं. हायलँड बॅगपाइपला ड्रोन नावाच्या तीन नळ्या असतात, दोन टेनर आणि एक खालच्या सुराची बास. त्यांचा सूर तंबोऱ्यासारखा अखंड चालू राहतो. चाल वाजते ती चँटर या छिद्रांच्या नळीवर, आणि त्यावर स्वर फक्त नऊ. आवाज कमी-जास्त करता येत नाही आणि मध्ये थांबवताही येत नाही. मग एकच स्वर लागोपाठ दोनदा कसा वाजवायचा? मधे एक अतिशय छोटा कणस्वर टाकून. पाइपर त्याला ग्रेस नोट म्हणतात. ‘बर्ल’ नावाची एक हरकत आहे: उजव्या हाताची करंगळी सर्वांत खालच्या छिद्रावर झटकन दोनदा फिरते आणि खालचा स्वर थरथरून जातो. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढीच हालचाल. वीस-पंचवीस पाइपरांनी ती एकाच क्षणी केली तर एकच पाइप वाजल्याचा भास होतो. एकाची करंगळी मागे पडली तर तिथे धूसर डाग पडतो. वर्ल्ड्सचा जाणकार या डागासाठी आणि तो न पडण्यासाठी कान देऊन उभा असतो.

सुरुवातही तशीच कसोटीची. ड्रमचे दोन रोल, दुसऱ्या रोलवर ड्रोन, मग चँटरचा ‘ई’ हा स्वर आणि लगेच चाल. एखादा ड्रोन आधी बोलला किंवा शेवटी सगळे थांबल्यावर मागे रेंगाळला, तर ते मैदानभर ऐकू जातं. वरच्या श्रेणीत दोन फेऱ्या असतात. एकीत मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील हे चालींचे तीन ठरलेले प्रकार एकामागून एक; दुसरीत बँडनं स्वतः बांधलेली पाच ते सात मिनिटांची मेडली, म्हणजे अनेक चालींची गुंफण. मला मेडली जास्त भावते. बँडचा स्वभाव तिथेच उघड होतो.

ड्रमबाबतही गल्लत होते. स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा ‘टॉप सीक्रेट ड्रम कोर’ हा ड्रमवादकांचा ताफा २००३ मध्ये एडिंबरात पहिल्यांदा वाजला आणि जगभर गाजला. अनेकांना तेच पाइप बँडचं ड्रमिंग वाटतं. पण ती स्विस परंपरा आहे, काठ्यांची फेकाफेक हा तिचा भाग. पाइप बँडमध्ये स्नेअर या छोट्या, करकरीत आवाजाच्या ड्रमवर केव्हलर या मजबूत कृत्रिम धाग्याचं पान गच्च ताणलेलं असतं, आवाज कोरडा आणि टोकदार. मुख्य ड्रमर प्रत्येक चालीसाठी स्वतंत्र बोल बांधतो. पाइपला आवाज चढ-उतार करता येत नाही, ती कामगिरी ड्रम करतात. चालीत उसळी आल्यासारखी वाटते तेव्हा पाइप तेवढ्याच आवाजात वाजत असतात. वाढलेले असतात ते ड्रम. हे एकदा ध्यानात आलं की ऐकणंच बदलतं.

आता ऐकणाऱ्यांकडे. टॅटूच्या प्रेक्षकांत आयुष्यात एकदाच आलेले पुष्कळ. पणजोबा स्कॉटलंड सोडून कॅनडाला किंवा ऑस्ट्रेलियाला गेलेले, आणि घरी त्यांच्या पलटणीचं नाव तेवढं उरलेलं. जुन्या स्कॉटिश पायदळ पलटणी २००६ मध्ये एकत्र करून रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड झाली. नावं मागे पडली, पण पलटणींच्या चाली राहिल्या. अशा माणसाच्या कानावर ती एक चाल पडली की त्याला बोटांची सफाई मोजायची नसते. शेवटी सगळे दिवे मालवून तटावर एकट्या पाइपरवर झोत टाकतात, तेव्हा अनोळखी शेजारी एकमेकांना रुमाल देतात. यात भाबडेपणा आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. हे वाद्य शतकानुशतकं लढाईत, लग्नात आणि मयताला वाजत आलंय, त्यानं डोळे भरून आले तर ते त्याच्या कामाचाच भाग आहे.

वर्ल्ड्सचा प्रेक्षक बहुतेक वेळा स्वतः वाजवणारा, वाजवून सोडलेला किंवा वाजवणाऱ्याचे आईवडील. त्याच्यासाठी हे संगीत आठवड्याच्या सरावाच्या रात्री ठरवतं, सुट्ट्या आणि खर्चही ठरवतं. न्यूझीलंडमधला चाहता मध्यरात्र उलटल्यावर थेट प्रक्षेपण लावून बसतो, कारण ग्लासगोत तेव्हा दुपार असते. परदेशी बँड स्वतः पैसे जमवून येतात आणि जिंकतातही: कॅनडातले सेव्हंटी-एट्थ फ्रेझर हायलँडर्स १९८७ मध्ये, सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीचा बँड १९९५ मध्ये. माझं सर्वांत आवडतं उदाहरण इन्व्हरेरीचं. स्कॉटलंडात लॉक फाइन या खाडीच्या काठी काही शे वस्तीचं हे गाव. तिथल्या मुलांना शिकवता शिकवता २००३ मध्ये एक बँड उभा राहिला आणि २०१७ मध्ये तो जगज्जेता झाला. ज्या गावात हे घडलं, तिथल्या किती घरांच्या संध्याकाळी चँटरच्या रियाजात गेल्या असतील!

दोन्ही ठिकाणं एकमेकांना परकी आहेत असं नाही. टॅटूला नागरी बँडही बोलावले जातात, वर्ल्ड्सच्या शेवटी सगळे बँड मिळून मैदानावर संचलन करतात. वर्ल्ड्सच्या आधीच्या आठवड्यात ग्लासगोत ‘पायपिंग लाइव्ह’ महोत्सव भरतो, २००४ पासून. दोन्ही जमातींची माणसं तिथे भेटतात.

कुठे जावं? नुकतीच गोडी लागली असेल तर टॅटू. तिकीट मात्र कित्येक महिने आधी काढावं. वर्ल्ड्सला गेलात तर स्टँडमध्ये बसून राहू नका. बँड मैदानात उतरण्याआधी शेवटची जुळवणी करतात त्या जागेजवळ उभे राहा. तिथे पाइप मेजर, म्हणजे बँडचा प्रमुख, ट्यूनर हातात धरून एकेका पाइपरपुढून जातो, ड्रोन केसभर वर-खाली सरकवतो, चँटरच्या छिद्रावरची काळी टेप नखानं किंचित हलवतो. चँटरमधली बोरूची रीड (सूर काढणारी पातळ पट्टी) श्वासाच्या ओलाव्यानं बदलते, हवा गार झाली की सूर उतरतो, म्हणून हे काम शेवटच्या मिनिटापर्यंत चालतं. पुष्कळ जुने चाहते दिवसभर तिथेच थांबतात, आणि निकाल काय लागेल याचा बहुतेकांचा अंदाज तिथेच ठरतो.