काळ्या दगडावरची रेघ मीठ कशी पुसतं?

'काळ्या दगडावरची रेघ' पुसली जात नाही, असं आपण धरून चालतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात, न्यूवे केर्क या चर्चमध्ये काळ्या-पांढऱ्या दगडांचं एक भव्य समाधी-स्मारक आहे. स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा पुढारी, ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याचं. १० जुलै १५८४ रोजी याच शहरात त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. शिल्पकार हेंड्रिक द केयझरने १६१४ मध्ये स्मारकाचं काम सुरू केलं. १६२१ मध्ये तो वारला आणि पुढचं काम त्याचा मुलगा पीटर याने पुरं केलं.

स्मारकावरच्या लॅटिन लेखातलं एक वाक्य थेट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपवर आहे: सारा युरोप ज्याला भीत होता तो राजा या वीराला भ्याला, पण त्याला नमवू शकला नाही, घाबरवू शकला नाही, शेवटी मारेकरी विकत घेऊन त्याने त्याचा काटा काढला. मुळात हे 'तिमुइत, नॉन दोमुइत, नॉन तेर्रुइत' असं तीन घावांत येतं.

१६५४ साली डेल्फ्टचं दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. स्मारक त्यातून वाचलं. पण ओल आणि मिठाने ते असं पोखरलं की १९९७ ते २००१ या काळात त्याचे भाग सुटे करून दुरुस्ती करावी लागली.

मीठ दगड 'खातं' हा समज चुकीचा आहे. साधं मीठ संगमरवराला रासायनिक इजा जवळजवळ करत नाही. ते त्याला आतून ढकलतं. जमिनीतली ओल केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी, बारीक छिद्रांतून वर चढते आणि मीठ सोबत आणते. पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. ते बाहेर साठलं तर आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. तो झटकता येतो. खरा धोका पृष्ठभागाच्या आत, काही मिलिमीटरवर तयार होणाऱ्या स्फटिकांचा.

स्फटिक वाढत वाढत दगडातल्या छिद्राच्या भिंतीला टेकला की त्याची वाढ थांबायला हवी, असं वाटतं. ती थांबत नाही, कारण स्फटिक आणि भिंत यांच्यामध्ये द्रावणाचा अतिशय पातळ थर टिकून राहतो. त्या थरातून मिठाचे नवे आयन (विद्युतभारित कण) येत राहतात आणि स्फटिक भिंतीला रेटत वाढतो. द्रावण जितकं अतिसंपृक्त, म्हणजे मुरू शकतं त्याहून जास्त मीठ त्यात जितकं असेल, तितका रेटा जास्त. गणिताने हा दाब काही दशक मेगापास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या शेकडो पटींपर्यंत जातो. एवढा ताण संगमरवर सोसू शकत नाही.

शिवाय हे एकदाच होत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. खाली आली की पुन्हा स्फटिक होतो. थंडीत चर्चमध्ये हीटर लावला की हवा कोरडी पडते, बंद केला की आर्द्रता पुन्हा चढते. दर फेरीत दगडाचा एकेक कण सैल होतो. बाष्पीभवन कडांशी जास्त, म्हणून कोरीव अक्षरांच्या धारदार कडा आधी जातात. (देवळातल्या मूर्तीला 'घाम फुटला' की नवस सुरू होतात. दमट हवा थंड दगडाला लागून पाणी सुटतं किंवा दगडातलं मीठ ते ओढून घेतं; त्यात कोप नाही की कौल नाही.)

पण इटलीतल्या कॅराराच्या चांगल्या संगमरवरात छिद्रं एक टक्क्याहूनही कमी. मग मीठ शिरतं कुठून? संगमरवर कॅल्साइट या खनिजाच्या स्फटिक-कणांचा बनलेला असतो. तापल्यावर हा स्फटिक एका दिशेने प्रसरण पावतो, तर तिच्याशी काटकोनातल्या दिशेने चक्क आकुंचन पावतो. शेजारचे कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असल्याने त्यांचे सांधे उघडतात. बिघाड फार झाला की बोट फिरवताच खडीसाखरेसारखा चुरा हातात येतो. काळा दगड तर शास्त्राच्या भाषेत संगमरवरच नाही. तो कार्बनमुळे काळा झालेला चुनखडक.

उपाय एकच: मीठ बाहेर काढणं. सुटे करता येणारे भाग शुद्ध पाण्याच्या हौदात बुडवतात आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजत राहतात; मीठ उतरेल तशी ती वाढते. ती वाढायची थांबली की पाणी बदलायचं. लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: मिठाला ५ सेंटिमीटर दगडातून बाहेर यायला सहा महिने लागले, तर १० सेंटिमीटरला दोन वर्षं. आधी दगडांचे भाग जोडणाऱ्या लोखंडी पकडी काढाव्याच लागतात, कारण गंज लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि दगड फोडतो. शिवाय शुद्ध पाणीही लिटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅम कॅल्साइट विरघळवतं, म्हणून भुसभुशीत झालेला भाग आधी घट्ट करून घ्यायचा. जे हलवता येत नाही त्यावर कागदाचा लगदा, बारीक वाळू आणि केओलिन (पांढरी चिनी माती) यांचा ओला लेप देतात. तो वाळताना मीठ स्वतःत ओढून घेतो.

'एकदा लावा, कायमचं विसरा' अशी जाहिरात असलेली वॉटरप्रूफ कोटिंगं इथे घातक. ओल मागून येतच राहते, मीठ कोटिंगच्या खाली साठतं आणि एक दिवस पापुद्रा अक्षरांसकट निघतो. ॲसिडने घासणं तर त्याहून वाईट, ते थेट कॅल्साइटच विरघळवतं.

मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये भिंतींवर अनेक संगमरवरी स्मृतिफलक आहेत. तिथली पावसाळी हवा ७५ टक्क्यांच्या वर, तर हिवाळ्यातल्या दुपारी त्याच्या बरीच खाली. अशा भिंतीची डागडुजी सिमेंटने कधीही करू नये. सिमेंटमधून सोडियम-पोटॅशियमचे नवे क्षार दगडात उतरतात आणि भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला फलकाचाच रस्ता उरतो. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. त्यातून ओल निघून जाते, मीठ गिलाव्यात अडकतं आणि काही वर्षांनी तो खरवडून नवा करता येतो.